वॅगनआर, नागपूर ते तवांग : गाडी मी तयार केली, चालवली तिनं

मुलगा किंवा मुलगी घरची जुनी गाडी घेऊन लांबच्या प्रवासाला निघते आणि गाडीचं काम बापाच्या गळ्यात पडतं, अशांसाठी या नोंदी. मी एसटीच्या कार्यशाळेत ३३ वर्षं काढली, त्यातली शेवटची ११ ब्रेक सेक्शनला. मोठ्या गाडीचं मला कळतं. छोट्या गाडीचंही कळतं, असा समज होता. चुका जशा झाल्या तशा लिहिल्यात.

रविवार, ६ ऑक्टोबर २०२४

मुलीनं सकाळी पोहे खाताना सांगितलं, दिवाळी झाली की अरुणाचलातल्या तवांगला जाते. मी विचारलं विमान कुठपर्यंत आहे. म्हणाली, "विमान नाही बाबा, आपली वॅगनआर." वय २९, वजन ५२ किलो, लायसन्स दहा वर्षांचं, आजवरचा सर्वात लांब पल्ला नागपूर-पुणे. गुवाहाटीपर्यंत एकटी, तिथून तिची कॉलेजची मैत्रीण.

गाडी २०१२ची, एलएक्सआय, पेट्रोल, तीन सिलिंडर, ९९८ सीसी. मीटर ७१ हजारांच्या वर. बारा वर्षांत एवढंच चालली म्हणजे उभीच जास्त राहिली. उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा वाईट. रबर सुकतं, ब्रेकचे सिलिंडर धरतात, उंदीर वायरिंगमध्ये संसार थाटतात.

दुपारी यादी केली. टायर, ब्रेक, कूलंट, ऑइल-फिल्टर, प्लग, बेल्ट, कागदपत्रं. शेवटी तिनं स्वतःच्या अक्षरात एक ओळ घातली : "मला चाक बदलायला शिकवणे." मी म्हटलं, ते काय, दहा मिनिटांचं काम.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

टायरची जाडी बघून खूश होऊ नका, आधी तारीख वाचा. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. आमच्या मागच्या दोन टायरांवर २३१७, म्हणजे २०१७चा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली होती, पण नखानं दाबलं की बारीक भेगा दिसायच्या. पुढचे दोन २०२२चे, ते ठेवले.

स्टेपनी काढली तर तिच्यावर ४८११. गाडीसोबत आलेली, एकदाही रस्त्याला न लागलेली, दिसायला कोरी करकरीत. हवा भरली तर रात्रीतून निम्मी गेली. बारा वर्षं डिकीत बसून म्हातारी झालेली. एसटीत स्टेपनी तपासल्याशिवाय गाडी लांब पल्ल्याला सोडत नव्हतो आम्ही, आणि घरच्या गाडीची मी कधी उचलूनही बघितली नव्हती.

तीन टायर, ३,२५० प्रमाणे ९,७५० रुपये. नवे घेतानाही दुकानात वाकून तारीख वाचली. पोरगा हसला.

गुरुवार, १० ऑक्टोबर

काटोल रोडला चाचणी. ८०च्या पुढं स्टिअरिंग थरथरतं. नवे टायर टाकलेत म्हणजे बॅलन्सिंग चुकलं असणार, असं धरून टायरवाल्याकडं परत गेलो. त्यानं चारही चाकं पुन्हा केली, पुन्हा ४०० घेतले. परत काटोल रोड. थरथर तशीच.

शनिवार, १२ ऑक्टोबर, दसरा

गाडीला झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. दीक्षाभूमीकडं गर्दी असणार म्हणून रिंग रोडनं फेरी मारली. थरथर आहेच. आता मला लिंक रॉड, बॉल जॉइंट, ड्राइव्ह शाफ्ट असं सगळं दिसायला लागलं. दुपारी पुढचं डावं चाक काढून पालथं टाकलं. रिमच्या आतल्या कडेला काळी माती. पोळ्याला साळ्याच्या शेतात गेलो होतो, तिथली. वाळून दगड झालेली, स्क्रू ड्रायव्हरनं फोडून काढली. मूठभर निघाली. उजव्यातही थोडी.

थरथर गेली.

वऱ्हाड-नागपूरकडच्या लोकांसाठी वेगळं सांगतो : पावसाळ्यात काळ्या मातीत गाडी घातली असेल तर बॅलन्सिंगला नेण्याआधी रिम आतून धुवा. बॅलन्सिंगवाला बाहेरून वजनाचे तुकडे चिकटवून देतो, आत बघत नाही. त्यालाही काय दोष द्यायचा, मीही बघितलं नव्हतं. दोनदा मिळून ८०० गेले, दोन दिवस गेले.

बुधवार, १६ ते रविवार, २० ऑक्टोबर

क्लच. पेडल थोडं वर धरत होतं. घाटात क्लच जळाला तर पोरगी अडकेल, म्हणून प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग, तिन्ही बदलायचं ठरवलं. गिअरबॉक्स उतरवायला घरी रॅम्प नाही, ओळखीच्या गॅरेजमध्ये टाकली. सामान ४,६००, मजुरी २,२००. गॅरेजवाल्यानं एका दिवसात होईल म्हटलं होतं. मीच त्याला सांगितलं, घाई नाही. पाच दिवस लागले.

इथं खरं लिहायचं म्हणून लिहितो. गॅरेजवाला पहिल्याच दिवशी बोलला होता, काका, अजून वीस हजार चालेल ही प्लेट, नुसती केबल ॲडजस्ट करू. मला ते ऐकायचं नव्हतं. गाडी गॅरेजमध्ये आहे तोवर पोरगी घरी आहे, आणि दिवाळीपर्यंत काहीतरी मोठं निघालं तर बेत आपोआप बारगळेल, असं डोक्यात होतं. कार्यशाळेत ड्यूटी टाळायची असली की काही ड्रायव्हर "गाडी ओढत नाही" असं लिहून द्यायचे. त्यांची लॉगशीट मी ३३ वर्षं वाचली आहे. माझी या पाच दिवसांची तशीच होती.

बायको एवढंच म्हणाली, "अहो, गाडीला एवढं झालं असतं तर मागच्या महिन्यात तुम्ही अमरावतीला कसे जाऊन आलात?"

बुधवार, २३ ऑक्टोबर

कूलंटच्या बाटलीत पाणी कमी दिसलं म्हणून नळाचं ओतलं. हाताची सवय. संध्याकाळी मुलीनं बॉनेट उघडलं, म्हणाली, "बाबा, हा रंग असा फिका का?" तवांगच्या वाटेवरची सेला खिंड १३,७०० फुटांवर. नोव्हेंबरात रात्री तिथं पाणी गोठतं. गोठलेलं पाणी फुगतं आणि रेडिएटर फोडतं, वेळ आली तर ब्लॉकही. नागपूरच्या बापाला इंजिन तापायची भीती जन्मजात असते, गोठायची कल्पनाच नसते.

सगळं काढलं, दोनदा साध्या पाण्यानं धुतलं, मग कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं. हे मिश्रण उणे ३५च्या आसपासही गोठत नाही. ५२० रुपये. चूक तिनं पकडली, हेही नोंदवतो.

रविवार, २७ ऑक्टोबर

ब्रेक. हे माझं खातं, म्हणून इथं जरा थांबतो.

बसचा ब्रेक हवेवर चालतो, छोट्या गाडीचा तेलावर. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. दोन-तीन वर्षांत त्यात इतकं पाणी मिसळतं की लांब उतारावर पॅड तापले की ते पाणी उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल सरळ जमिनीला जाऊन टेकतं. सपाट नागपुरात हे दहा वर्षं कळणार नाही. घाटात अर्ध्या तासात कळेल. आमचं ऑइल चहाच्या रंगाचं झालं होतं. चारही चाकांतून जुनं पूर्ण काढलं, बायकोनं पेडल दाबलं, मी निपल (चाकापाशी तेल सोडायचा स्क्रू) सोडलं. "दाबा... धरा... सोडा" असा आमचा तासभर संवाद चालला. अलीकडच्या काळातला सर्वात लांब.

मागच्या एका सिलिंडरचं रबर गळत होतं, किट बदललं. पुढचे पॅड नवे. एकूण १,५९०.

मुलीला उताराचा नियम सांगितला : ज्या गिअरमध्ये चढ चढशील त्याच गिअरमध्ये उतरायचं. न्यूट्रल कधीच नाही. ब्रेक दाबून धरायचा नाही. दाबायचा, वेग पाडायचा, सोडायचा. वास आला की थांबायचं आणि चाकावर पाणी ओतायचं नाही. तिनं ते मोबाइलमध्ये लिहून घेतलं.

चाकं परत बसवली. नट मी स्वतः आवळले, पान्यावर दोन फुटांचा पाइप चढवून. पुन्हा वाकून प्रत्येकाला एकेक जादा झटका. ती शेजारी उभी होती, म्हणाली, "मी करू का एक?" मी म्हटलं, आता नको, हात काळे होतील, तुला दिवाळीचा फराळ करायचाय. दिवाळीनंतर शिकवतो.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

कागदपत्रांच्या झेरॉक्स काढताना दिसलं की विमा १७ नोव्हेंबरला संपतोय. म्हणजे ती अरुणाचलात असताना. सकाळीच भरून टाकला. पीयूसी नवी. अरुणाचलला आपल्यालाही इनर लाइन परमिट लागतं. तिनं ऑनलाइन काढलं होतं, दोन प्रती छापल्या.

लाइव्ह लोकेशनवरून भांडण. मला चोवीस तास हवं होतं. ती म्हणाली, फोनची बॅटरी जाते आणि तुम्ही दिवसभर ठिपका बघत बसाल. तडजोड एसटीच्या पद्धतीनं झाली. निघताना एक मेसेज, मुक्कामी पोचल्यावर एक, दोन्हींत मीटरचा आकडा. मधल्या वेळात वाहतूक नियंत्रकानं फोन करायचा नाही. नियंत्रक म्हणजे मी.

रोजचं वेळापत्रकही केलं. निघणे सहा, मुक्काम सायंकाळी सहा. इथं मोठी चूक आहे, ती १४ तारखेला येईल.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

दिवसभर भरणं. जॅक, पाना, स्टेपनी, टॉर्च, दोरी, टो-रोप, हवेचा छोटा पंप, पाण्याचा कॅन, चादर, संत्रा बर्फीचे सहा डबे. कार्यशाळेतला जुना मित्र बघायला आला. मी त्याला हळूच म्हटलं, अजून काही तपासायचं राहिलं असेल का. तो म्हणाला, "अबे, गाडी त मजबूत हाय. पोट्टीले जाऊ दे आता." रात्री यादीवर सगळ्यावर खूण केली. "चाक बदलायला शिकवणे" यावर खूण नव्हती. रात्रीचे दहा वाजले होते, चाक काढलं असतं तर अकरा. झोपू दिलं.

शनिवार, ९ नोव्हेंबर

पहाटे ५.१०ला निघाली, मीटर ७१,४१२. आईनं दही-साखर दिली. मी टायरची हवा पाचव्यांदा बघितली.

भंडारा, साकोली, देवरी, राजनांदगाव, रायपूर, मग संबलपूर. रात्री ७.४०ला मेसेज : ७१,९७१. साडेपाचशेच्या वर, पहिल्याच दिवशी. जास्त झालं. रायपूरलाच मुक्काम ठेवायला हवा होता. पहिल्या दिवशी अंगात उत्साह असतो, त्यावर वेळापत्रक आखू नये.

रविवार, १० ते बुधवार, १३ नोव्हेंबर

संबलपूर ते खरगपूर केओंझरवरून. तिथं लोखंडाच्या खनिजाचे ट्रक, सगळा रस्ता लाल. फोटो आला, पांढरी गाडी विटेच्या रंगाची. एअर फिल्टर काढून झटक म्हटलं, तिनं झटकला. कोलकाता बाहेरून टाळलं, बहरामपूरला मुक्काम. मग फराक्क्याच्या बंधाऱ्यावरून गंगा ओलांडून सिलिगुडी. तेरा तारखेला तिथं सुट्टी, गाडीला आणि तिला.

चार दिवसांत आठ मेसेज, मीटर जुळतोय, सरासरी साडेअठराची. शाळेच्या जुन्या वहीत तक्ता केला. नियंत्रकानं एकदाच नियम मोडला, तो फोन आईच्या नावावर लिहिला.

गुरुवार, १४ नोव्हेंबर (रात्री ११ला लिहितोय)

सकाळी सिलिगुडी सोडलं, गुवाहाटी गाठायची होती. वाटेत कामामुळे रस्ता बंद, दीड तास गेला.

४.५०ला फोन. अंगणात ऊन होतं, मी संत्र्याच्या कलमाला पाणी देत होतो. म्हणाली, मागचं डावं बसलं, कोकराझारच्या पुढं आहे, गाडी कडेला घेतलीय, दिवे लावलेत. मी म्हटलं, घाबरू नको, अजून अर्धा-पाऊण तास उजेड आहे. ती म्हणाली, "बाबा, इथं अंधार पडलाय."

ती आमच्यापेक्षा अकरा अंश पूर्वेला होती. अंशाला चार मिनिटं, म्हणजे पाऊण तास तिथंच गेला. वर उत्तरेला असल्यानं हिवाळ्यात दिवस आणखी आखूड. घड्याळ दोघांचं एकच, सूर्य वेगळा. नागपूरला साडेपाचला मावळतो, तिथं पावणेपाचच्या आत. आणि मी मुक्काम सहाला लिहिला होता.

फोन स्पीकरवर. पाना लाव, गाडी खाली असतानाच नट सैल कर, मग जॅक. हे सगळं मी आज पहिल्यांदा तिला सांगत होतो. नट हलेना. म्हटलं, पान्याच्या दांडीवर उभी राहा. उभी राहिली. हलेना. उडी मार. पाना निसटून खणकन रस्त्यावर पडल्याचा आवाज आला. मग काही सेकंद नुसते ट्रक जाताना ऐकू येत होते. माझ्या हातातला पाइप तसाच वाहत होता, कलमाचं आळं भरून अंगणभर चिखल झाला.

एक ट्रक थांबला. मला फक्त आवाज. "हटो दीदी." लोखंडावर लोखंड, मग कर्रर्र करून नट सुटल्याचा आवाज. तो आवाज मला झोपेतही ओळखू येईल, नट गरजेपेक्षा जास्त आवळलेला असला की असाच ओरडतो. त्यांच्याकडं लांब पाइप होता. चारही सोडले, स्टेपनी चढवली, पैसे घेतले नाहीत. बर्फीचे दोन डबे घेतले.

७.१५ला बोंगाईगावला पोचली. गुवाहाटी रद्द. मेसेजऐवजी फोनच केला. "बाबा, नट कुणी आवळले होते?"

"मी."

"बरं," म्हणाली, आणि जेवायला काय मिळतंय ते सांगत बसली.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

झोप नाही. पहाटे हिशेब मांडला. दोन फुटांच्या पाइपवर माझा ४० किलोचा भार धरा, म्हणजे पिळाचा जोर सुमारे २४ किलोग्रॅम-मीटर. अशा छोट्या गाडीला लागतं नऊ-दहाच्या आसपास. गाडीसोबतच्या पान्याची दांडी एक फुटाची. त्यावर ५२ किलोची मुलगी पूर्ण वजनानं उभी राहिली तरी पंधरा-सोळा. म्हणजे तिनं काहीही केलं असतं तरी ते नट सुटणार नव्हते. बसच्या चाकाला पन्नासच्या वर लागतं, माझा हात तिथला. नट ढिला राहू नये म्हणून मी त्याला असं केलं की तो निघूच नये.

तिला सकाळी सांगितलं : पंक्चरवाल्याकडून उरलेल्या तिन्ही चाकांचे नट सैल करून घे आणि साध्या पान्यानं तू स्वतः आवळ, हातानं, समोरासमोरचे जोडीनं. पन्नास किलोमीटरवर पुन्हा एकदा बघ. तिनं केलं. टायरमध्ये सळईचा तुकडा निघाला, १५० रुपये.

वेळापत्रक फाडलं. नवीन : निघणे पाच, मुक्काम साडेतीन. तिथं पहाट लवकर होते, तेव्हा उजेड वाया घालवायचा नाही.

आज त्रिपुरी पौर्णिमा. बायकोनं ३६५ वातींची वात लावली. मी टॉर्क रेंच मागवला, २,३५०. त्यानं ठरावीक जोर आला की टक् असा आवाज होतो. हा आधी घ्यायला हवा होता. ३३ वर्षांचा हात आहे म्हणून घेतला नाही.

रविवार, १७ नोव्हेंबर

काल गुवाहाटीहून मैत्रिणीला घेऊन भालुकपोंग, परमिटची तपासणी झाली. आज भालुकपोंग ते दिरांग. सकाळी ९.१० : "ढगात आहोत. काचेला आतून बाफ येतेय." एसी लाव, बाफ जाईल, असं कळवलं. एकच खूण उमटली, दुसरी आलीच नाही.

साडेतीन. पाच. आठ. फोन लागत नाही, मैत्रिणीचाही नाही. बायको म्हणाली, डोंगरात नेटवर्क नसतं, जेवून घ्या. दहाला मी पोलिसांचा नंबर शोधत होतो. तिनं फोन काढून घेतला. "तुम्ही रोज रात्री लोकांची पोरं नागपूरहून पाठवायचे. त्यांचे बाप डेपोत यायचे का?"

शेडमध्ये गेलो. काहीतरी हातात हवं होतं. कोपऱ्यात जुनी क्लच प्लेट पडली होती, व्हर्नियर घेऊन मोजली. रिव्हेटच्या डोक्यावर अजून सव्वा मिलिमीटर माल. आठ ठिकाणी मोजलं, सगळीकडं तेवढाच. गॅरेजवाला खरं बोलत होता, वीस हजार सहज चालली असती. पुसली, कागदात गुंडाळली, जपून ठेवली. का ते माहीत नाही.

सोमवार, १८ नोव्हेंबर

सकाळी ७.२०. "दिरांग. काल ३.१० ला पोचलो. रात्रभर टॉवर आणि लाइट दोन्ही नव्हते. निघतोय." मीटरचा आकडा टाकायला ती विसरली नव्हती.

सेलाला आता बोगदा आहे, मार्च २०२४मध्ये सुरू झाला. माझं स्पष्ट म्हणणं होतं, बोगद्यातूनच जा. वर कडेला काळा बर्फ असतो, दिसत नाही, चाक घसरतं. "हो बाबा," म्हणाली होती. दुपारी फोटो आला. मागं निळा तलाव, प्रार्थनेच्या पताका, पुढं दोघी माकडटोप्या घालून. बोगद्यात तलाव नसतो एवढं मला कळतं. मी फक्त विचारलं, गाडी कशी ओढली? "पहिल्यात. दुसरा झेपत नव्हता." तेवढ्या उंचीवर हवा खालच्या सहा दशांश उरते, म्हणजे ६७ घोड्यांच्या गाडीचे चाळीस-बेचाळीसच उरतात. पहिल्या गिअरचं उत्तर बरोबर होतं.

जंगकडं उतरताना ब्रेकचा वास आला. वीस मिनिटं थांबल्या, चहा प्यायल्या, पाणी ओतलं नाही. पेडल शेवटपर्यंत कडक. माझं खातं पास.

बुधवार, २० नोव्हेंबर

विधानसभेचं मतदान. आम्ही दोघांनी केलं, बोटाचा फोटो तिला पाठवला. ती तवांगच्या मठात होती. परतीच्या सात दिवसांचं फार लिहिण्यासारखं नाही. पाचला निघणं, साडेतीनला मुक्काम, पश्चिमेला येईल तसा सूर्य थोडा उशिरा मावळायचा. मी एकदाही मधे फोन केला नाही. दोनदा केला, पण तो संत्र्याचा भाव सांगायला.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

सायंकाळी ४.३५ला फाटकात. मीटर ७७,०४१. एकूण ५,६२९ किलोमीटर. मार्गस्थ बिघाड एक, पंक्चर. डाव्या दारावर ओरखडा, त्याबद्दल ती काही बोलली नाही, मी विचारलं नाही. बारीक झालीय.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

तपासणी. पॅड निम्मे शिल्लक, ब्रेक ऑइल स्वच्छ, कूलंट जागेवर. मागच्या डाव्या चाकाचा एक नट हातानं फिरतो आणि मधेच अडतो. काढून बघितलं तर स्टडचे, म्हणजे नट ज्यावर बसतो त्या बोल्टचे, आटे ताणलेले. माझ्या पाइपमुळे. म्हणजे परतीचं अख्खं अंतर ते चाक साडेतीन नटांवर आलं. हे बघून मी काही वेळ पाटावरच बसून होतो.

स्टड आणि नट मिळून ९०. जुना ठोकून काढला, नवा ओढून घेतला. मग तिनं टॉर्क रेंच मागितला. मॅन्युअल उघडून आकडा तिनंच लावला. मी काळ्या हातांनी पाटावर. एक टक्, समोरचा टक्. चौथ्याला माझा हात पुढं गेला होता, तिनं बघितलं, मी मागं घेतला. मग तिनं चारही चाकं काढून परत बसवली. यादी शोधून काढली आणि राहिलेल्या ओळीवर खूण केली. वेळ : पहिल्या चाकाला २४ मिनिटं, शेवटच्याला ९.

रविवार, १ डिसेंबर

हिशेब. टायर ९,७५०, बॅलन्सिंग ८००, क्लच ६,८००, कूलंट ५२०, ब्रेक १,५९०, ऑइल-फिल्टर-प्लग १,४५०, टॉर्क रेंच २,३५०, स्टड ९०. एकूण २३,३५०. त्यातले क्लचचे सगळे आणि दुसऱ्यांदाच्या बॅलन्सिंगचे मिळून ७,२०० पाण्यात. पेट्रोल तीस हजारांच्या वर, ते तिनं भरलं. वाया गेलेले दिवस : मातीपायी दोन, माझ्यापायी पाच.

डिकी रिकामी करताना तळाशी दोन फुटांचा नवा लोखंडी पाइप निघाला. बोंगाईगावहून घेतलेला, ८० रुपये. टॉर्क रेंच आल्यावर आता तो नुसता खडखडतो म्हणून तिनं काढून शेडमध्ये ठेवला. रात्री मी तो परत डिकीत टाकला, जुन्या चादरीत गुंडाळून, म्हणजे आवाज येणार नाही.